गीत जपलं, उपासना नाकारली

2022 च्या नोव्हेंबरमध्ये तुर्कस्तानात राष्ट्राध्यक्षांच्या हुकमाने एक नवं सरकारी कार्यालय सुरू झालं. अलेवी, म्हणजे प्रेषितांचा जावई अली याला फार मानणारा तिथला अल्पसंख्य धार्मिक समाज, आणि त्यांच्या जवळचा दरवेशी पंथ बेक्ताशी, या लोकांची संस्कृती आणि त्यांच्या जेमएवी, म्हणजे सामुदायिक उपासनेसाठी ते जिथे जमतात ती घरं, यांचा कारभार या कार्यालयाकडे सोपवला गेला. कार्यालय ठेवलं सांस्कृतिक आणि पर्यटन मंत्रालयाच्या हाताखाली. त्या देशात मशिदींचा कारभार पाहणारं आणि इमामांना पगार देणारं दियानेत नावाचं स्वतंत्र धर्मखातं 1924 पासून आहे. अलेवींच्या अनेक मोठ्या संघटनांनी नव्या कार्यालयाला विरोध केला. त्यांचा मुद्दा साधा होता: शेजाऱ्याची प्रार्थना धर्म म्हणून मोजली जाते, मग आमची प्रार्थना पर्यटनाच्या खात्यात का?

या वादात मी अलेवींच्या बाजूचा आहे. न्यायालयाचे निकाल वाचून मी त्या बाजूला गेलो नाही. तुर्की लोकसंगीत ऐकता ऐकता, शब्दांचा अर्थ लावता लावता, दुसरी बाजू घेणं मला अशक्य झालं. ज्याला जग 'तुर्की लोकगीत' म्हणून ओळखतं, त्यातला मोठा आणि फार मोलाचा वाटा मुळात उपासनेचा आहे. शंभर वर्षं तुर्की राज्याने हे सूर मनापासून जपले आणि त्याच काळात ती उपासना उपासना नाहीच असं सांगितलं. या दोन्ही गोष्टी एकाच वेळी चालणं मला अन्यायाचं वाटतं, आणि त्या गाण्यांचंही त्यात नुकसान होतं.

जेममध्ये, म्हणजे अलेवींच्या या सामुदायिक उपासनेत, स्त्री-पुरुष एकत्र, गोलाकार बसतात. पुढे देदे असतो, हा वंशपरंपरेने आलेला मार्गदर्शक. मग बारा सेवा असतात: कुणी दिवा लावतो, कुणी झाडू फिरवतो, कुणी दार सांभाळतो, कुणी पाणी वाटतो. यातली एक सेवा झाकीरची. त्याच्या हातात साझ असतं, लांब मानेचं तंतुवाद्य, ज्याला बाग्लामाही म्हणतात. अलेवी लोक या वाद्याला तारांचं कुराण म्हणतात. झाकीर वाजवण्याआधी ते ओठांना लावतो. त्याची गीतं ठरलेल्या क्रमाने येतात. बारा इमामांची, म्हणजे अली आणि त्याच्या वंशजांची, नावं घेणारं गीत येतं, प्रेषितांच्या स्वर्गारोहणाचं येतं, करबलात मारल्या गेलेल्या अलीपुत्र हुसेनचा शोक येतो आणि सेमाह येतो. सेमाह म्हणजे हातांच्या आणि पावलांच्या संथ हालचालींनी गोल फिरत केलेली प्रार्थना. शब्द बहुतेक तुर्कीत, काही भागांत कुर्दी किंवा झाझाकी भाषेत. साझ थांबलं की जेम थांबला, इतकं हे गाणं त्या विधीच्या आतलं आहे.

स्वर्गारोहणाच्या गीतातली कथा मी थोडी सविस्तर सांगतो, कारण पुढचा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. मुहम्मद वर निघतात तेव्हा वाटेत एक सिंह आडवा येतो. तुझी अंगठी त्याला दे, असा आवाज येतो. ते अंगठी सिंहाच्या तोंडात ठेवतात आणि वाट मोकळी होते. परतताना त्यांना एक घर दिसतं. आत चाळीस जणांची सभा भरलेली असते. ते दार वाजवतात. कोण, असं आतून विचारतात. मी प्रेषित आहे, असं ते सांगतात. आमच्यात प्रेषिताला जागा नाही, तुझ्या उम्मतीकडे, म्हणजे अनुयायांकडे, जा, असं उत्तर येतं. पुन्हा तसंच होतं. तिसऱ्या वेळी ते म्हणतात, मी गरिबांचा सेवक आहे. तेव्हा दार उघडतं.

आत एकोणचाळीसच माणसं असतात, चाळिसावा सलमान, प्रेषितांचा सहकारी, बाहेर गेलेला असतो. आमच्यातला एक म्हणजे चाळीस आणि चाळीस म्हणजे एक, असं ते सांगतात. अली आपला दंड पुढे करतो, त्याला छेद दिला जातो आणि सगळ्यांच्या दंडातून रक्त वाहतं. खिडकीतून एक थेंब आत येतो, तो बाहेर असलेल्या सलमानचा. सलमान एकच द्राक्ष घेऊन परततो. प्रेषित ते वाडग्यात चुरडतात, त्याचा रस चाळीस जण पितात, सगळ्यांना कैफ चढतो आणि सगळे उठून सेमाह करू लागतात. शेवटी अली ती अंगठी पुढे ठेवतो, आणि वाटेतला सिंह कोण होता ते प्रेषितांना कळतं.

झाकीर हे गात असतो तेव्हा बसलेली माणसं उठतात आणि खरोखरच फिरू लागतात. कथेतला सेमाह आणि खोलीतला सेमाह तिथे एक होतो. कट्टर सुन्नी विद्वानाला या कथेत पाखंड दिसेल, आणि मला त्यात त्याच धर्माचं फार उंच गेलेलं चिंतन दिसतं. काहीही दिसो, हा धर्मविचार आहे एवढं दोघांनाही मान्य करावं लागेल. पदवी सांगणाऱ्याला दार बंद आणि सेवक म्हणवणाऱ्याला उघडं, या एका प्रसंगात सत्ता, समता आणि ईश्वर यांचा संबंध बांधलेला आहे. मनोरंजनासाठी रचलेल्या गाण्यात तो असा येत नाही.

दुसरी प्रतिमा फाशीच्या खांबाची. 'मीच सत्य' म्हटल्याबद्दल बगदादमध्ये 922 साली मारला गेलेला मन्सूर अल-हल्लाज तुर्की गीतांत वारंवार येतो. अनुवादात वाचणाऱ्याला तो बंडाचा किंवा ईश्वरी वेडाचा प्रतिनिधी वाटतो. जेमच्या खोलीत मात्र 'मन्सूरचा खांब' ही जमिनीवरची एक जागा आहे, मधोमध, देदेच्या समोर. तिथे माणूस पायाच्या अंगठ्यावर अंगठा ठेवून, मान झुकवून उभा राहतो आणि समाज त्याचा हिशेब घेतो. कुणाचं देणं लागतोस का, कुणाला दुखावलंस का? एकमेकांवर रुसलेली दोन माणसं खोलीत असतील तर त्यांचा समेट झाल्याशिवाय जेम पुढे सरकत नाही. मोठा गुन्हा केलेल्याला बाहेर ठेवलं जातं. हात, कंबर आणि जीभ यांच्यावर ताबा ठेव, हे या मार्गाचं पहिलं बंधन. त्यामुळे गीतात कवी जेव्हा म्हणतो की मी मन्सूरच्या खांबापाशी उभा आहे, तेव्हा ऐकणाऱ्या अलेवीच्या पायांना ती जागा माहीत असते.

क्रौंच पक्षी तसाच. अनातोलियाच्या गीतांत उडत्या क्रौंचांना विचारतात, माझ्या अलीला कुठे पाहिलंत का? अलीचा आवाज क्रौंचाला मिळाला अशी श्रद्धा आहे, आणि क्रौंचांच्या नावाचा एक सेमाहही आहे, ज्यात हात पंखांसारखे उघडतात. मैफलीत हेच गीत विरहाचं म्हणून गायलं जातं. ते विरहाचं आहेच, पण तो विरह कुणाचा हे सांगितलं नाही तर अर्ध्याहून अधिक अर्थ जातो. इस्तंबूलच्या मेर्दिवेनकॉय भागातल्या शाहकुलू दर्ग्याचे प्रमुख मेहमेत अली हिल्मी देदेबाबा (1842–1907) यांच्या प्रसिद्ध रचनेत आरसा चेहऱ्यासमोर धरला की त्यात अली दिसतो. माणसाच्या चेहऱ्यात ईश्वर पाहणं हा या पंथाचा गाभाच. गोलाकार, समोरासमोर बसण्यामागेही तोच विचार आहे.

हे सगळं 'लोकगीत' कसं झालं?

30 नोव्हेंबर 1925 रोजी तुर्की संसदेने कायदा क्रमांक 677 केला. सगळे दर्गे आणि तेक्के, म्हणजे दरवेशांचे मठ, बंद झाले. शेख, दरवेश, बाबा अशा उपाध्यांवर बंदी आली आणि त्या यादीत 'देदे'ही होता. ऑटोमन काळात छळ सोसलेल्या अलेवींनी तरीही प्रजासत्ताकाचं स्वागत केलं, कारण खिलाफत जाण्यात त्यांना सुटका दिसत होती. पण कायद्याने त्यांचा मार्गही मिटवला. जेम पुन्हा रात्रीचे, बंद दारांआडचे झाले. त्याच वेळी नव्या राष्ट्राला स्वतःचं संगीत हवं होतं. दरबारी संगीत नको होतं, कारण ते ऑटोमन. मग खेड्यातलं हवं. 1937 ते 1952 या काळात अंकाराच्या सरकारी संगीत विद्यालयाच्या तुकड्या गावोगाव फिरल्या आणि सुमारे 10 हजार चाली गोळा झाल्या. त्यात मुझफ्फर सारीसोझेन हे मोठं नाव. अंकारा रेडिओवर त्यांनी 'युर्त्तान सेसलेर' हा समूह उभा केला आणि देशाच्या एका टोकाचं गाणं दुसऱ्या टोकाला पोचवलं.

या कामाबद्दल मला खरा आदर आहे. ते झालं नसतं तर अनेक चाली म्हाताऱ्या झाकीरांबरोबर गेल्या असत्या. पण गोळा करताना चाळणी कोणती लावली, हेही पाहावं लागतं. राष्ट्रीय प्रसारण संस्था टीआरटीच्या नोंदपत्रावर प्रत्येक गाण्यासाठी रकाने असतात: प्रदेश कोणता, कुणाकडून ऐकलं, कुणी गोळा केलं, कुणी स्वरलिपीत उतरवलं. शिवासचं गाणं, एर्झिंजानचं गाणं, मालात्याचं गाणं. ते जेममधल्या कोणत्या सेवेचं, यासाठी रकाना नाही. बारा इमामांची नावं घेणारी प्रार्थना आणि लग्नातलं नाचाचं गाणं एकाच कपाटात, जिल्ह्यांच्या नावाने लावलेली. याहून वाईट म्हणजे शब्द बदलले गेले. 'शाह' हा शब्द, जो अलीसाठी आणि सफवी शाह इस्माईलसाठी येतो, प्रसारणात अनेकदा 'दोस्त' झाला. 'अली'च्या जागी दुसरं काहीतरी निरुपद्रवी आलं. ऐकणाऱ्यांच्या पिढ्या ते बदललेले शब्दच मूळ समजून मोठ्या झाल्या.

आशिक वेयसेल (1894–1973) यांचं चित्र कसं रंगवलं गेलं तेही पाहण्यासारखं आहे. शिवास प्रांतातल्या शिव्रिआलान गावचे, लहानपणी देवीच्या साथीत डोळे गेलेले, अलेवी घरातले. 1931 साली शिवासला अहमेत कुत्सी तेजेर यांनी भरवलेल्या लोककवींच्या मेळाव्यात ते पुढे आले आणि नंतर ग्रामशिक्षण संस्थांमध्ये साझ शिकवू लागले. 2023 हे वर्ष सरकारने त्यांच्या नावाने साजरं केलं. शाळेच्या पुस्तकातले वेयसेल माती, मातृभूमी आणि एकोप्याचे कवी आहेत. ते खोटं नाही. पण दोन दारांच्या धर्मशाळेतून दिवसरात्र चालत जाणारा त्यांचा प्रवासी कोणत्या मार्गाच्या शिकवणीतून आला, हे त्या पुस्तकांत शोधावं लागतं.

दोष एकट्या राज्याचा नाही. 1960-70 च्या दशकांत गावांतून शहरांत आलेल्या अलेवी तरुणांनीही आपल्या कवींना धर्मापासून सोडवून घेतलं. सोळाव्या शतकात ऑटोमन अधिकारी हिझिर पाशाने फासावर दिला असं परंपरा सांगते तो पीर सुलतान अब्दाल त्यांच्यासाठी क्रांतिकारक झाला. त्याच्या गीतांतला शाह मागे पडला आणि अन्यायाविरुद्धची मूठ पुढे आली. हे का घडलं ते मला समजतं. त्यांना डाव्या विचारांत सन्मान मिळत होता, देशाच्या धर्मकारणात तो मिळत नव्हता. तरीही ती काटछाटच होती. मैफलीच्या मंचावरही तेच झालं. अली एकबेर चिचेक यांनी (1935–2006) बांधलेलं 'हैदर हैदर' आज बाग्लामाच्या प्रत्येक विद्यार्थ्याचं स्वप्न असतं, कारण ते वाजवायला अवघड. त्यातले शब्द मात्र कवी सिद्की बाबांचे आहेत, आणि त्यात आत्मा 14 हजार वर्षं पतंगासारखा भिरभिरत फिरतो, रूपामागून रूप घेत माणसापर्यंत येतो. 'हैदर' म्हणजे अली. बोटांच्या वेगाला टाळ्या पडतात तेव्हा हे कितीजणांच्या मनात असतं? वादनातलं कौशल्य कमी लेखायचं नाही, पण जे सांगण्यासाठी ते कौशल्य जमवलं ते वगळून ऐकणं मला अपुरं वाटतं.

आणि मग शिवास, 2 जुलै 1993. पीर सुलतान अब्दालच्या नावाचा उत्सव होता. शुक्रवारच्या नमाजानंतर जमलेल्या जमावाने पाहुणे उतरलेल्या मादिमाक हॉटेलला वेढा दिला आणि आग लावली. उत्सवाला आलेली 33 माणसं आणि हॉटेलचे दोन कर्मचारी मेले. मुहलिस आकारसू, नेसिमी चिमेन हे साझवादक-गायक त्यात होते, 22 वर्षांचा हसरेत ग्युल्तेकिनही होता. साझवर नखीशिवाय, नुसत्या बोटांनी वाजवण्याच्या पद्धतीला नवं रूप देणाऱ्यांपैकी तो एक होता. पोलीस आणि लष्कर शहरात असताना हे तासन् तास चाललं. ती इमारत संग्रहालय करा ही अलेवींची मागणी मानली गेली नाही. 2011 साली तिथे विज्ञान आणि संस्कृती केंद्र झालं, आणि स्मृतिफलकावर जमावातल्या दोन मृतांची नावंही बळींच्या सोबत कोरली गेली. ज्यांना 'लोककलावंत' म्हणून गौरवलं जात होतं, त्यांना जमावाने ओळखलं ते त्यांच्या श्रद्धेने. जमावाला जे स्पष्ट दिसत होतं ते कायद्याला दिसत नव्हतं.

दियानेतची जुनी भूमिका अशी: अलेवी मुसलमान आहेत, मुसलमानांचं उपासनास्थळ मशीद, म्हणून जेमएवी हे सांस्कृतिक केंद्र. या युक्तिवादात उपासना कशाला म्हणायचं हे उपासना करणाऱ्याला विचारलेलंच नाही. युरोपीय मानवाधिकार न्यायालयाने हेच म्हटलं. 2014 साली एका जेमएवीच्या वीजबिलाच्या प्रकरणात तुर्कस्तानविरुद्ध निकाल गेला, कारण तिथे उपासनास्थळांना मिळणारी सवलत जेमएवीला नाकारली होती. 26 एप्रिल 2016 रोजी न्यायालयाच्या मोठ्या खंडपीठाने अलेवी नेते इझ्झेत्तिन दोआन आणि इतरांच्या अर्जावर धर्मस्वातंत्र्याचा भंग आणि भेदभाव, दोन्ही झाल्याचं ठरवलं. 2022 चं कार्यालय हे त्या निकालांचं उत्तर म्हणून पुढे केलं जातं. वीजबिलाचा प्रश्न त्याने काही अंशी सोडवला असेल, मूळ प्रश्न मात्र पर्यटन मंत्रालयात ढकलला.

याहून कठीण आक्षेप अलेवींमधूनच येतो. आम्ही इस्लामच्या आत आहोत की बाहेर, यावर त्यांच्यात एकमत नाही. कुणी म्हणतं हाच इस्लामचा गाभा, कुणी म्हणतं हा स्वतंत्र, त्याहून जुना मार्ग. बाहेरच्या माणसाने त्यात निवाडा देऊ नये. मी फक्त गाण्यांकडे बोट दाखवू शकतो: मुहम्मद, अली, फातिमा, हुसेन, बारा इमाम, सलमान, मन्सूर. ही नावं काढली तर उरतो एक सुंदर सांगाडा. कुठल्याही व्याख्येत बसवा, पण ही नावं घेऊन केलेली प्रार्थना प्रार्थना म्हणून मोजा, एवढं तर दोन्ही बाजूंना चालेल. तिसरी भीती मला सर्वांत खरी वाटते: मान्यता आली की पगार येईल, पगार आला की देदे सरकारी कारकून होईल. ही भीती बाळगणाऱ्या अलेवींशी मी सहमत आहे. म्हणून मागणी दर्जाची असावी, पगाराची नसावी.

आपल्याकडे हे संगीत बहुधा 'सूफी' या मोठ्या नावाखाली येतं. पार्श्वभूमीला शांत वाटणारे सूर, पडद्यावर पांढरे घेर फिरताना. फिरणारे ते कोन्याचे मेवलेवी, त्यांची परंपरा वेगळी, सुन्नी आणि शहरी. अनातोलियाच्या खेड्यातला सेमाह दुसराच. दोन्ही एकाच यादीत टाकले की दोघांचंही नाव जातं. मराठी माणसाला तर या गाण्यांकडे परकं म्हणून पाहण्याचं कारणच नाही. हताई या नावाने तुर्कीत लिहिलेली ज्याची गीतं आजही जेममध्ये गायली जातात, तो शाह इस्माईल (1487–1524) आपल्या इतिहासात आलेला आहे. त्याने इराणात शिया पंथ राजधर्म केला आणि पाठोपाठ विजापूरच्या युसुफ आदिलशहाने आपल्या राज्यात बारा इमामांच्या नावाने खुतबा, म्हणजे शुक्रवारच्या नमाजाचं प्रवचन, वाचायला लावला. पुढे इस्माईल आदिलशहाने सैन्याला बारा टोकांची लाल टोपी घालायला लावली. तीच टोपी इस्माईलच्या अनातोलियातल्या अनुयायांची होती, तिच्यावरून त्यांना किझिलबाश, लाल डोक्याचे, हे नाव पडलं आणि आजचे अलेवी त्यांचेच वारस. सांगली जिल्ह्यातल्या कडेगावला मोहरममध्ये उंच ताबूत भेटतात तेव्हा हिंदू घरांचेही मान असतात, आणि हा मुलूख आदिलशाहीचा. शिवासमध्ये त्याच दिवसांत अलेवी बारा दिवस उपास करतात, हुसेनच्या तहानेची आठवण म्हणून साधं पाणी पिणं टाळतात आणि झाकीर करबलाचं गातो. त्या शोकाला नुसती लोककला म्हटलं तर कडेगावच्या माणसालाही ते पटणार नाही.

अलेवींना त्यांच्या गाण्यासकट धर्म म्हणून जागा मिळाली ती जर्मनीत. मे 2000 मध्ये कोलोनच्या मोठ्या सभागृहात हजाराहून अधिक साझवादक एकत्र बसले. नॉर्थ राइन-वेस्टफालिया राज्याने 2020 साली तिथल्या अलेवी महासंघाला चर्चच्या बरोबरीचा कायदेशीर दर्जा दिला. अनेक जर्मन राज्यांतल्या शाळांत अलेवी धर्माचा तास असतो. कामगार म्हणून गेलेल्यांच्या नातवंडांना तिथे बाराव्या इमामापर्यंतची नावं अधिकृत अभ्यासक्रमात मिळतात, आणि शिवासमधल्या त्यांच्या चुलत भावंडांना शाळेत सक्तीच्या धर्मवर्गात मुख्यतः सुन्नी इस्लाम शिकवला जातो, ज्याबद्दलही 2007 आणि 2014 साली तुर्कस्तान युरोपीय न्यायालयात हरलं आहे.

अंकाराला करण्यासारख्या गोष्टी अवघड नाहीत. कायदा 677 मधल्या बंदीतून देदेला मोकळं करावं. जेमएवीला उपासनास्थळ म्हणावं, तिचा कारभार तिच्या लोकांकडे ठेवून. आणि टीआरटीने आपल्या संग्रहातल्या बदललेल्या ओळी मूळ शब्दांनी दुरुस्त कराव्यात, नोंदपत्रावर सेवेचा एक रकाना वाढवावा. पहिल्या दोन कामांना संसद लागेल. तिसरं उद्यापासून करता येईल, कारण ते शब्द आणि त्यांची जागा माहीत असलेले झाकीर शिवास, तोकात आणि मालात्याच्या गावांत अजून गात आहेत.